फोन हवा की फोनातलं?

मोबाईल दुरुस्तीच्या धंद्यात इंग्रजीतून आलेला एक शब्द आहे, 'ब्रिक'. फोन ब्रिक झाला म्हणजे फोनची वीट झाली. हातात घेतला तर वजन तेवढंच, आकार तोच, पण ना उजेड ना आवाज. आपल्याकडं विटेला केवढा मान! पंढरीचा विठोबा विटेवर उभा आहे आणि आपल्या घरांच्या भिंतीही विटांवरच उभ्या आहेत. फोनची वीट झाली की मात्र ती ना भिंतीत बसते ना खिशात. नांदेड-लातूरकडच्या दुकानांत हा शब्द मला फारसा ऐकू आला नाही. तिथं म्हणतात, फोन डेड झाला, लोगोवर अटकला, फार तर डबा झाला. आणि त्यावरचा इलाज म्हणजे 'सॉफ्टवेअर मारणं'. आपल्या मराठीला 'मारणं' हे क्रियापद फार प्रिय. चक्कर मारावी, दांडी मारावी, शिक्का मारावा, तसंच सॉफ्टवेअरही मारावं. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस, तंत्रज्ञ नव्हे. पण या एका क्रियापदापायी आमच्या घरातली एक मोलाची गोष्ट कायमची जायची वेळ आली होती. म्हणून हा विषय मी जाणत्यांच्या शेजारी बसून समजावून घेतला. तोच आज आपल्यापुढं ठेवतो आहे.

आधी प्रश्न असा, की चालता फोन माणूस उघडायला जातोच कशाला? बहुतेक स्मार्टफोनांत अँड्रॉइड नावाची प्रणाली असते. तिचा गाभा खुला आहे, म्हणजे तो कुणालाही वाचता येतो आणि बदलता येतो. अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन २००८ साली अमेरिकेत विक्रीला आला. त्यानंतर वर्षभरातच, २००९ मध्ये, स्टीव्ह कोंडिक नावाच्या प्रोग्रामरनं 'सायनोजेनमॉड' या नावानं आपली स्वतःची आवृत्ती करून लोकांना फुकट वाटायला सुरुवात केली. कंपनीनं दिलेलं काढायचं आणि हे घालायचं. अशा सॉफ्टवेअरला 'कस्टम रॉम' म्हणतात. मी त्याला पदरचं सॉफ्टवेअर म्हणतो, कारण त्याची जबाबदारी कंपनीची नसते, ती आपल्या पदरी असते.

मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांना तर या प्रकाराचं आकर्षण वाटण्याला एक खास कारण होतं. सुरुवातीच्या कितीतरी अँड्रॉइड फोनांवर देवनागरी दिसतच नसे. कुणी मराठीत ईदच्या किंवा दिवाळीच्या शुभेच्छा पाठवल्या तर पडद्यावर नुसत्या रिकाम्या चौकटी उमटायच्या. काही फोनांत अक्षरं दिसत, पण वेलांट्या भलतीकडं आणि जोडाक्षरं फुटलेली. २०११ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरीची सोय मुळातच आली. सगळा फोन मराठीतून वापरता येण्याची सोय यायला २०१४ ची पाचवी आवृत्ती उजाडावी लागली. आता कंपनी आपल्या जुन्या फोनला नवी आवृत्ती देत नसेल, तर ती स्वतः बसवणं हा एक मार्ग उरत होता. आपलीच लिपी आपल्याच फोनवर धड दिसावी एवढ्यासाठी पोरांनी फोन उघडले असतील, तर मला त्यांचा राग येत नाही.

पुढं हा प्रकार आपल्या देशात कोर्टापर्यंतही गेला. मायक्रोमॅक्सच्या 'यू' या नाममुद्रेचा 'युरेका' नावाचा फोन जानेवारी २०१५ मध्ये ८,९९९ रुपयांना विक्रीला आला. त्यात मुळातच सायनोजेनचं सॉफ्टवेअर होतं. भारतात ते फक्त आमच्याच फोनात असेल असा करार आहे, असं म्हणत मायक्रोमॅक्सनं वनप्लस या कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली होती, ती डिसेंबर २०१४ मध्ये. फोन कुणाचा यावर भांडणं आपण पाहिली आहेत, पण आतलं सॉफ्टवेअर कुणाचं यावरचं हे भांडण मला नवलाचं वाटलं. दोनच वर्षांत त्या सायनोजेन कंपनीनं आपल्या सेवा बंद केल्या, ३१ डिसेंबर २०१६ रोजी. तिचं काम 'लिनीएज' या नावानं स्वयंसेवकांनी पुढं चालवलं.

आज फोन उघडण्याचं मुख्य कारण वेगळं आहे. फोन धडधाकट असतो, पण कंपनी काही वर्षांनी त्याला नवी आवृत्ती देणं थांबवते. मग हळूहळू एकेक ॲप म्हणायला लागतं की तुमचा फोन जुना आहे. नव्या फोनला पंधरा हजार घालण्यापेक्षा जुन्यातच नवा जीव घालू, असं आपल्या भागातल्या माणसाला वाटलं तर त्यात नवल नाही. आपण गोधड्या शिवणारी माणसं.

आता फोन सुरू होतो म्हणजे नेमकं काय होतं, ते पाहू. ते समजलं की अर्धी भीती जाते. कंधारचा किल्ला ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगणं सोपं आहे. भुईकोट किल्ला, भोवती खंदक, आणि आत जायचं तर दरवाज्यामागून दरवाजा. पहिला ओलांडल्याशिवाय दुसरा गाठता येत नाही. फोनचंही तसंच आहे. बटण दाबलं की सगळ्यात आधी जागा होतो तो प्रोसेसरच्या पोटात कारखान्यातच कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम. त्याला 'बूट रॉम' म्हणतात. तो पुसता येत नाही, बदलता येत नाही. तो उठवतो 'बूटलोडर'ला. हा देवडीवरचा पहारेकरी. पुढं येणाऱ्या सॉफ्टवेअरवर कंपनीची खूण आहे का, हे तो तपासतो. खूण पटली की 'कर्नल' म्हणजे प्रणालीचा गाभा जागा होतो, आणि तो मग वाड्यातले सगळे दिवे लावतो. त्यानंतर कुठं आपल्याला आपला नेहमीचा पडदा दिसतो. याशिवाय किल्ल्याला जसा चोरदरवाजा, तसा फोनलाही एक असतो, 'रिकव्हरी' नावाचा. मुख्य वाडा कोसळला तरी त्या दारानं आत शिरून डागडुजी करता येते.

पदरचं सॉफ्टवेअर घालायचं तर आधी या पहारेकऱ्याला वश करावं लागतं. याला बूटलोडर अनलॉक करणं म्हणतात. बहुतेक फोनांत ते करताक्षणी आपलं आतलं सगळं पुसलं जातं. फोटो, संदेश, आवाज, सगळं. हा बिघाड नव्हे, मुद्दाम केलेली व्यवस्था आहे. नाहीतर चोर फोन चोरेल, पहारेकरी फितवेल आणि सगळं वाचत बसेल. एकदा अनलॉक झालं की पुढच्या वेळी मात्र असं आपोआप पुसलं जात नाही, आणि आमच्या घरची गोष्ट इथूनच सुरू होते.

२०२२ सालचा उन्हाळा. लातूरहून भाच्याचा फोन आला, "मामू, अम्मी का फोन लोगो पे अटक गया." त्याची अम्मी म्हणजे माझी थोरली बहीण, आमची आपा. भाचा हुशार, डिप्लोमाला शिकणारा. आपाच्या फोनचा बूटलोडर त्यानंच दोन वर्षांपूर्वी अनलॉक करून पदरचं सॉफ्टवेअर घातलं होतं आणि ते छान चाललंही होतं. आता त्यावर पुढची आवृत्ती घालायला गेला, आणि फोन लोगो दाखवायचा, बंद व्हायचा, पुन्हा लोगो दाखवायचा. रात्रभर तेच. बिघडलेल्या फोनचं एवढं काय, असं मी म्हणणार होतो, तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "नानी की रेकॉर्डिंगां उसीच में हैं."

आमची अम्मी लग्नाची गीतं गायची. हळदीची, मेहंदीची, नवरी निघतानाची, आमच्या दखनी बोलीतली. कुठं छापलेली नाहीत, कुणी लिहून घेतलेली नाहीत. ती जाण्याच्या आदल्या वर्षी आपानं तिला स्वयंपाकघरात बसवून सहा गीतं फोनवर घेतली होती. एका गीतात मध्येच कुकरची शिट्टी होते आणि अम्मी न थांबता गात राहते. त्यांची दुसरी प्रत कुठंच नव्हती. भाच्यानं फोटो आधी संगणकावर उतरवून ठेवले होते, पण आवाज वेगळ्या ठिकाणी साठतो हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

लातूरच्या गंजगोलाईजवळ एका दुकानात तो फोन घेऊन गेला होता. तिथला मुलगा म्हणाला, सॉफ्टवेअर मारतो, तीनशे रुपये, अर्ध्या तासात चालू. तो खोटं बोलत नव्हता. अर्ध्या तासात फोन चालू झालाच असता, कोरा करकरीत. भाच्याला काय वाटलं कोण जाणे, तो फोन घेऊन परत फिरला. मी त्याला सांगितलं, कुठलंही बटण दाबू नकोस, फोन बंद करून ठेव आणि पहिल्या एसटीनं निघ. अहमदपूर, लोहा करत तो दुपारी नांदेडला पोचला. मी त्याला वजिराबादेतल्या एका कारागिराकडं घेऊन गेलो. नोकियाच्या काळापासून हा माणूस याच धंद्यात आहे. त्यानं फोन हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाला, "काका, फोन पाहिजे का फोनातलं पाहिजे?"

या विषयातला सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे, आणि तो ग्राहकानं आधी स्वतःला विचारला पाहिजे. फोन जिवंत करणं आणि फोनातला ऐवज वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पुष्कळदा एकाच्या वाटेनं गेलं की दुसरं हातचं जातं. "फोन मेला तरी चालेल," मी म्हणालो, "आतलं पाहिजे."

मग त्यानं भाच्याला विचारलं, शेवटचं काय केलंस, आधी कुठली आवृत्ती होती, पॅटर्न माहीत आहे का, आणि त्यानंतर कुणी काय दाबलं? डॉक्टर जसा पेशंटच्या नातलगाला विचारतो तसं. भाच्यानं सगळं खरं सांगितलं. माझ्या मते निम्मा इलाज तिथंच झाला. दुकानात गेल्यावर लोक म्हणतात, काहीच केलं नाही, आपोआप बंद पडला. त्यामुळं कारागीर अंधारात चाचपडतो. पोरांना आधीच शिव्या घातल्या की ती खरं सांगत नाहीत, हे घरातल्या मोठ्यांनी ध्यानात ठेवलेलं बरं.

लोगो दिसतो आहे म्हणजे पहारेकरी जागा आहे, पडझड आत झाली आहे. हा बिघाडातला सौम्य प्रकार. बंद फोनवर पॉवरचं बटण आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबून धरलं की बऱ्याच फोनांत तो चोरदरवाजा, रिकव्हरी, उघडतो. आपाच्या फोनचा उघडला. पण आत साठवलेल्या फायलींची नावं पाहिली तर अक्षरांची भेळ! एकही नाव वाचता येईना. भाच्याचा चेहरा उतरला. कारागीर शांत होता. तो म्हणाला, माल जागेवर आहे, फक्त कुलपात आहे.

हे कुलूप समजून घ्यायला हवं. अलीकडचे फोन आपला सगळा मजकूर सांकेतिक करून साठवतात. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून बहुतेक नव्या फोनांना हे बंधन आलं आणि २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून नव्या येणाऱ्या सगळ्याच फोनांना. किल्ली दोन तुकड्यांत असते म्हणा ना. एक तुकडा प्रोसेसरच्या आत, जो बाहेर काढता येत नाही. दुसरा तुकडा म्हणजे आपला पॅटर्न किंवा पिन. दोन्ही एकत्र आल्याशिवाय अक्षरं जुळत नाहीत. जुन्या काळी फोन पूर्ण मेला तरी आतली साठवणीची चिप काढून दुसऱ्या यंत्रावर वाचत असत. आता ती चिप काढून वाचली तरी हाती लागते ती भेळच. 'चिप काढून डाटा देतो' असं कुणी नव्या फोनबाबत सांगत असेल तर पैसे देण्याआधी दोनदा विचार करावा.

आपाच्या फोनातली रिकव्हरी जुनी आणि भाच्यानं घातलेलं सॉफ्टवेअर नवं, म्हणून कुलूप उघडत नव्हतं. कारागिरानं फोन केबलनं संगणकाला जोडला, जुळणारी रिकव्हरी तेवढी बदलली, बाकी कशाला हात लावला नाही. नव्या रिकव्हरीनं पॅटर्न मागितला. भाच्यानं बोट फिरवलं आणि भेळेची नावं झाली. कॅमेरा, कागदपत्रं, आणि एका कप्प्यात रेकॉर्डिंग. सहाच्या सहा फायली त्यानं आधी आपल्या संगणकावर आणि मग भाच्याच्या पेनड्राइव्हवर उतरवल्या, आणि एक वाजवून पाहिली. दुकानात दोन गिऱ्हाईकं उभी होती, ती गप्प झाली. त्यानंतर त्यानं फोन निवांत पुसला, कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर मारलं, आणि तीनशेऐवजी पाचशे घेतले. मी आनंदानं दिले.

हे झालं चोरदरवाजा शाबूत असलेल्या फोनचं. तोही उघडत नसेल तर देवडीवरच काम करावं लागतं. पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण दाबलं की पुष्कळ फोन 'फास्टबूट' नावाच्या अवस्थेत जातात. सॅमसंगमध्ये त्याला 'डाउनलोड मोड' म्हणतात आणि बटणांची जुळणी फोनगणिक बदलते. इथं पडद्यावर एकदोन ओळी दिसतात आणि फोन संगणकाच्या हुकमाची वाट पाहतो. फोनची साठवण अनेक कप्प्यांत विभागलेली असते. गाभा एका कप्प्यात, प्रणाली दुसऱ्या, रिकव्हरी तिसऱ्या, आणि आपला ऐवज 'युजरडाटा' नावाच्या स्वतंत्र कप्प्यात. त्यामुळं बिघडलेले कप्पे तेवढे बदलून आपला कप्पा तसाच ठेवणं कितीतरी वेळा शक्य असतं. सॅमसंगचंच पाहा. त्यांच्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यात 'सीएससी' नावाची फाईल दोन प्रकारची मिळते. साधी 'सीएससी' घातली की फोन कोरा होतो. 'होम सीएससी' घातली तर आपलं आतलं राहतं. एका शब्दाचा फरक आहे, आणि घाईच्या दुकानात तो शब्द पाहिला जात नाही. अर्थात 'होम' फाईल घालूनही फोन उठला नाही असं होतं. पण आधी ती घालून पाहायला काय हरकत आहे?

सॉफ्टवेअर मात्र नेमक्या त्याच मॉडेलचं हवं. नावात एक अक्षर मागंपुढं असलेले दोन फोन आतून पार वेगळे असू शकतात. आणखी एक गफलत नेहमी होते. घाबरलेला माणूस म्हणतो, जुनंच सॉफ्टवेअर बरं होतं, तेच परत घाला. पण हल्ली अनेक फोनांत मागं जायला बंदी असते. चोरांनी जुन्या आवृत्तीतल्या फटीतून शिरू नये म्हणून. जबरदस्तीनं मागं नेलं तर लोगोवर अटकलेला फोन काळाठिक्कर पडू शकतो. तसंच पदरचं सॉफ्टवेअर आत असताना बूटलोडर पुन्हा लॉक केला, तर पहारेकरी आपल्याच घरच्यांना दारात अडवतो. सॉफ्टवेअर मारायच्या काही साधनांमध्ये 'सगळं पुसा आणि लॉक करा' हा पर्याय आधीपासूनच निवडलेला असतो. हे काम कधी घरी करायचं झालं तर बॅटरी असलेल्या लॅपटॉपवर करावं. आपल्याकडची वीज कधी डोळा मिटेल याचा नेम नाही, आणि अर्धवट लिहिलेला बूटलोडर हे फोनचं मोठं दुखणं.

आता तिसरी अवस्था. पडदा काळा, थरथर नाही, चार्जरचं चिन्ह नाही. इथं माणूस हाय खातो. पण आधी बॅटरीची शंका घ्यावी. सतत चालू-बंद होणारा फोन रात्रभरात बॅटरी पार रिकामी करतो आणि मग काही वेळ चार्जरलाही दाद देत नाही. चांगल्या चार्जरवर तासभर ठेवावा, मग पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरावं. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र चार्जर लावूच नये. एवढं करूनही अंधारच असेल तर फोन संगणकाला जोडून पाहावा. फोन काही दाखवत नाही, पण संगणक 'टुंग' असा आवाज करतो आणि क्वालकॉमचा प्रोसेसर असेल तर त्याच्या यादीत '९००८' हा आकडा असलेलं एक नाव दिसतं. ते दिसलं तर समजावं, सगळ्यात आतला तो कारखान्यात कोरलेला बूट रॉम जिवंत आहे आणि मदत मागतो आहे. सगळे दरवाजे पडले तरी पायाचा दगड शाबूत आहे. तिथून फोन उभा करता येतो, पण त्याला कंपनीची खूण असलेली एक खास फाईल लागते आणि ती सगळ्याच फोनांची बाहेर मिळत नाही. कधी फोन उघडून पाटीवरचे दोन ठिपके चिमट्यानं जोडून त्याला या अवस्थेत न्यावं लागतं. कारागीर त्याला 'टेस्ट पॉइंट' म्हणतात. चिमूट चुकली तर पाटी जळते. हे काम घरच्या टेबलावर करण्याचं नाही.

मीडियाटेक प्रोसेसरच्या फोनांत असंच काम एका वेगळ्या साधनानं होतं आणि तिथं एक पर्याय मोठा घातकी आहे, 'फॉरमॅट ऑल'. तो निवडला की आपला ऐवज तर जातोच, पण त्याबरोबर फोनचा पंधरा आकडी आय.एम.ई.आय. क्रमांकही पुसला जातो. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की दिसतो तो. फोन चालू होतो, पण सिमला नेटवर्क मिळत नाही. मग कुणीतरी सांगतं, दुसराच नंबर टाकून देतो, काही होत नाही. होतं. दूरसंचार कायदा, २०२३ प्रमाणं फोनच्या ओळख क्रमांकात छेडछाड करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तीनशे रुपयांच्या कामात एवढं ओझं कशाला घ्यायचं? खोक्यावरचा आपला खरा क्रमांक कुठंतरी लिहून ठेवावा आणि असं झालं तर कंपनीच्या अधिकृत केंद्रातच जावं.

कोऱ्या केलेल्या फोनची आणखी एक खोड सांगतो. २०१५ पासूनचे अँड्रॉइड फोन रिकव्हरीतून पुसले तर सुरू होताना आधीचं गूगल खातं आणि त्याचा पासवर्ड विचारतात. चोरीचा फोन वापरता येऊ नये म्हणून. आमच्या आपाचं खातं भाच्यानंच उघडून दिलं होतं, म्हणून निभावलं. पुष्कळ घरांत ते खातं दुकानदारानं उघडून दिलेलं असतं आणि पासवर्ड दोघांनाही आठवत नाही. फोन धडधाकट असूनही मग उंबऱ्याबाहेर बसून राहावं लागतं.

आणि काही फोन खरोखरच मरतात. साठवणीची चिप थकून गेली असेल, पाणी शिरून पाटी गंजली असेल, तर कुठलंही सॉफ्टवेअर मारून उपयोग नसतो. वजिराबादेतल्या त्या कारागिराच्या टेबलाखाली अशा फोनांचं एक खोकं आहे. त्यातले सुटे भाग तो दुसऱ्या फोनांना लावतो. त्या दिवशी त्यानं आम्हांला त्यातला एक काढून दाखवला. मालकानं तो पाच दुकानं फिरवून आणला होता आणि प्रत्येक दुकानात एकेकदा सॉफ्टवेअर मारून झालं होतं. पहिल्या दुकानात गेला तेव्हा तो फोन नुसता लोगोवर अटकलेला होता, असं तो म्हणाला.

अशा दुकानांच्या पावतीवर खाली बारीक अक्षरांत छापलेलं असतं, डाटाची जबाबदारी आमची नाही. छापू द्यावं, त्यांनाही धंदा करायचा आहे. आपण फक्त त्याच पावतीच्या वरच्या कोऱ्या जागेत त्यांच्याच हातानं एक ओळ लिहून घ्यावी, 'विचारल्याशिवाय सॉफ्टवेअर मारू नये.' पॅटर्न मात्र पावतीवर काढून देऊ नये. त्या वेळी दुकानात समोर बसावं आणि आपलं बोट आपणच फिरवावं.